जुनं दार मीच बंद केलं

बाबा, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि तुम्ही ते कधी लपवलंही नाही. तरी हे तुम्हालाच सांगतो आहे, कारण ज्यांना कळतं त्यांच्याशी मी तीन दिवस खोटं बोलतो आहे. गोरव्याला आमच्या युनिटमध्ये एक सर्व्हर आहे, सगळी ड्रॉइंगं त्याच्यावर. मी मांडवीतल्या घरी बसून त्यात शिरतो. शिरायचं एक ठरलेलं दार असतं, त्याला नंबर असतो. जुन्या नंबरावर जगभरातले भामटे दिवसभर धडका मारतात, म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये नवा नंबर लिहिला, जुनं दार बंद केलं आणि बाहेर पडलो. परत जायला बघतो तर नव्या दारावर कोणीच नाही.

झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात सर्व्हरचं अपग्रेड झालं आणि दारावर बसायचं काम लॉगिनच्या प्रोग्रामकडे राहिलंच नाही. आता सिस्टीमचा वेगळा पहारेकरी दारात बसतो आणि कोणी आलं की मगच आतल्याला उठवतो. कुठल्या दारावर बसायचं ते तो त्याच्या कागदावरून ठरवतो, माझी फाइल उघडूनही बघत नाही. चूक दाखवणारी एक ओळसुद्धा आली नाही. जुनं दार लावण्याआधी दुसऱ्या खिडकीतून नव्या दाराने आत जाऊन पाहायचं, एवढा साधा नियम. वीस वर्षं मी तो दुसऱ्यांना शिकवतोय.

गोरव्याला जाऊन, स्क्रीन-कीबोर्ड जोडून सर्व्हर सोडवला, पण तोवर दिवसभराचं काम अडलं होतं. शेठ समोर उभे. "आ केम थयुं?" मी म्हटलं, अपग्रेडनंतर असं झालं. "अपग्रेड तो पेली बेने कर्युं हतुं ने?" म्हणजे ते त्या नव्या मुलीनेच केलं होतं ना. मी म्हटलं, "हा." बाबा, यातला एकही शब्द खोटा नाही. ती मुलगी तीन महिन्यांपूर्वी लागलीय, अजून कच्चीच आहे नोकरीत, आणि तिच्या घरात दुसरं कोणी कमावत नाही. शेठनी तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. काल तिचा मला फोन आला. "सर, माझी भूल काय झाली तेवढं बोला ने. पुढे नाही करणार." मी म्हटलं, बघून सांगतो.

तेव्हापासून तो हिवाळा डोळ्यांसमोरून हलत नाही. कारखान्यात पाळी बदलताना तुमच्याबरोबरच्या माणसाने रजिस्टरात 'व्हॉल्व बंद' लिहून सही केली. व्हॉल्व उघडाच होता, आणि टाकी तुमच्या पाळीत वाहून रिकामी झाली. महिनाभर तुम्ही सस्पेंड. स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही तुरीच्या शेंगा सोलताय, पुढ्यात टरफलांचा ढीग, आणि आई म्हणते, "अहो, त्याला जाऊन विचारा तरी." तुम्ही मान वर करत नाही. "त्याला माहितीये. सांगायचं असेल तर सांगेल." त्याने सांगितलं नाही. त्यानंतर घरात कोणी 'नळ बंद केला' म्हटलं, तरी तुम्ही विचारायचात, "हात लावून पाहिलंस?" एकदा मी वैतागून म्हटलं, केला म्हणजे केला. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत माझा हात धरून मला मोरीपर्यंत नेलंत. नळ गळत होता. मला तुमचा भयंकर राग आला होता.

तो माणूस तुमच्या तेराव्याला आला होता. दारात चपलांजवळच बसून राहिला. मी त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. रस्त्यात दिसला की मी पलीकडे जायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो मुळातच नीच. आता वाटतं, तोही पहिल्या दिवशी 'उद्या सांगू' म्हणाला असेल, आणि मग प्रत्येक दिवशी ते सांगणं जास्तच जड होत गेलं असेल.

आज रविवार आहे. शेठना मेसेज लिहून ठेवलाय, "दार मी बंद केलं होतं. तिची चूक नाही." सकाळचा लिहिलेला, अजून तसाच आहे. तो सोडून तुम्हाला लिहीत बसलो, कारण पाठवलास का, असं तुम्ही आता विचारणार नाही.