सदतिसावी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

अखेर नोकरी लागली. पुण्यातल्या चार कंपन्यांनी नाकारलेली तृप्ती आजपासून दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्रोग्रामर. मखमलाबाद नाक्यावर खोलीही मिळाली. आल्या आल्या कुणीतरी हातात घड ठेवला. एक्स्पोर्टला बाद झालेला, म्हणजे आमची जोडी जमली. मनमाडला आईला फोन केला. तीन महिने प्रोबेशन आहे तर तेवढं तोंड बंद ठेव, एवढंच ती म्हणाली. ओळखते मला.

काम सोपं आहे. माल थंड करायच्या चेंबरमध्ये कोण गेलं, कधी बाहेर आलं, हे एक्सेलच्या शीटमध्ये चढतं, माणशी एक ओळ. ते वाचून माझ्या प्रोग्रामने दारावरचा दिवा लावायचा. आत माणूस असेल तर लाल, नसेल तर हिरवा. हिरवा झाला की दार आपोआप कुलूपबंद. शीट वाचायला मी डोकं खपवलं नाही. त्यासाठी लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता प्रोग्राम. दुपारच्या चहापर्यंत मी मोकळी.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवा हिरवा होत नाही. पेट्या भरणाऱ्या सगळ्या बायका जेवायला बाहेर होत्या, मी स्वतः आत जाऊन पेट्यांमागे बघून आले, तरी लायब्ररी म्हणते आत एक जण आहे. सुपरवायझर भारत सरांनी सगळ्यांसमोर झापलं. मनमाडच्या फलाटावर भजी विकली असती तर बरं झालं असतं, म्हणाले. बायका हसल्या. मला इतका राग आला की डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी कारण सापडलं. शीटमध्ये ३६ नंतर एकदम ३८ आहे. मधली ओळ लपवलेली. माणसाला ती दिसत नाही, पण लायब्ररीला लपवलं-दाखवलं काही नसतं, ती सगळं वाचते. ओळ उघडली. वत्सलाबाई भोये, सुरगाणा. आत गेल्याची वेळ गेल्या वर्षीची, सतरा फेब्रुवारी, ११.४०. बाहेर आल्याचा रकाना कोरा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भारत सर म्हणाले, ती काम सोडून गावाला गेली. ओळ पुसली तर खालची सूत्रं बिघडतात, म्हणून गेलेल्या माणसाची ओळ लपवायची इथली पद्धत. लपवलेलं वाचू नको असं तुझ्या प्रोग्रामला सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

सुरगाण्याच्या टोळीच्या मुकादम चतुराबाई ऐकत होत्या. पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मला गाठलं. वत्सला गावाला गेलीच नाय, म्हणाल्या. दार लागलं तेव्हा ती आत होती. आतून उघडायचा खटका तेव्हाही मोडका होता, आजही हाय. दुसऱ्या दिवशी उघडलं तर नुसत्या पेट्या. तुझा दिवा लाल हाय तवर दार उघडं हाय, तिची ओळ वाचत राहा पोरी, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी इथे नोकरी करायला आले आहे, भुतं सांभाळायला नाही. लपवलेल्या ओळी वाचू नको, ही सरांना हवी ती सूचना प्रोग्रामात लिहून टाकली. दिवा हिरवा झाला, दार लागलं. भारत सरांनी चहा पाजला. चतुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. लाज वाटली, पण खोलीवर येईपर्यंत तीही गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

३७ मधली वेळ बदलली आहे. आजची तारीख, ११.४०. शीटला मी घातलेला पासवर्ड आहे आणि तो मला एकटीलाच माहीत आहे.

आणि ११.४० ला बारावी ओळ लपलेली होती. बारा म्हणजे टोळीतली सृष्टी. तेव्हा ती आतच होती. दिवा हिरवा झाला, दार लागलं. तिने क्रेट आपटले ते चतुराबाईंनी ऐकले म्हणून वाचली. ओठ निळे पडले होते. बायकांना वाटतं, ओळ मी लपवली. जेवायच्या सुट्टीत माझा डबा नळाखाली उपडा केलेला सापडला.

११ फेब्रुवारी

ती सूचना काढून टाकली. सेव्ह केलं. उघडून पाहिलं तर आहे तिथेच. सहा वेळा काढली.

भारत सरांच्या पाया पडायची बाकी राहिले. ते आपोआप लागणारं कुलूपच काढून टाका म्हटलं. माल एक्स्पोर्टला जातोय, नाटकं नकोत, म्हणाले.

१२ फेब्रुवारी

३७ पुढे शेऱ्याचा रकाना आहे. आजवर कोरा होता. आज त्यात आकडा आहे. ४१.

एक्केचाळीस मी आहे.

निघून जावं वाटतं. पण बायका रोज आत जातात, आणि ती सूचना माझ्या हातची आहे.

१३ फेब्रुवारी, दुपार

कुलपाची वायर चेंबरच्या आतून जाते. ती तोडली की दार लागणारच नाही. दोन मिनिटांचं काम. चतुराबाईंना दाराशी उभं राहायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. हातातल्या टॅबवर शीट उघडून माझी ओळ, ४१, बघितली. दिसत होती. मग टॅब आणि ही वही घेऊन आत गेले.

३.५०

दार लागलं. वायर अजून — पक्कड हातातून निसटली.

४१ लपली. मी उघडते, ती मिटते. उघडते, मिटते. मेसेज जात नाहीत. शीट मात्र उघडतेय.

चतुराबाई बाहेरून दार बडवतायत. भारत सर ओरडतायत — दिवा हिरवा आहे, आत कुणी नाही, कामाला लागा. तरी त्या बडवतायत. देवा, थांबू नका बाई.

पेन चालेना. पेन्सिल.

पेट्यांमागून कुणीतरी माझ्या अंगाला घासून दाराकडे —

३७ दिसायला लागली. बाहेर आल्याची वेळ, ४.१२.

दार बंदच. बाहेरून चतुराबाईंचा आवाज. वत्सला, वत्सला म्हणून रडतायत. सगळ्या बायका रडतायत.

दार बडवायचं थांबलं. माझं नाव कुणीच घेत नाही. मी मारतेय हाका, त्यांना — चतुराबाई, अजून एक जण आहे, एक्केचा