अक्काची गाणी आणि जड डबी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कळंब, ४ जानेवारी २०२४

चि. शिवरंजनी हिस,
आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे मी व तुझी आजी खुशाल. फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मी निम्मं विसरतो, म्हणून हा पोस्टाचा रस्ता धरला.

काम असं आहे. घरचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. सुरू केला की आधी धापा टाकतो, मग मनात आलं तर चालतो. तो गेला तर जाऊ दे, पण त्याच्या पोटात माझ्या अक्काची गाणी आहेत. दिवाळीत तेरला तिच्या घरी राहून मी ती तिच्या आवाजात भरून आणली. पाळण्याची, हळदीची, निम्मी कानडी, निम्मी मराठी. ती आता पुन्हा मिळायची नाहीत, कारण संक्रांत झाली की डॉक्टर अक्काचे उरलेसुरले दात काढणार. बोळक्या तोंडातून कसलं गाणं येणार? असा ठेवा सांभाळायला कॉम्प्युटरला बाहेरून लावायची एक डबी मिळते म्हणतात. कोणती घ्यावी ते सविस्तर कळव. जन्मभर आडतीत धान्य पारखलं, पण हा माल माझ्या पारखीतला नाही.

आजी विचारते, लाडू संपले का आणि कोणी संपवले. इकडचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे ध्यानात ठेवून उत्तर लवकर धाड.

तुझा,
अण्णाराव


पुणे, ११ जानेवारी २०२४

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पोस्टाचं पाकीट बघायला माझ्या खोलीतल्या मैत्रिणी जमल्या. लाडूही त्यांनीच संपवले, असं आजीला सांगा.

आता डबीचं. तिच्या दोन जाती आहेत. एकीच्या पोटात चकती गरगर फिरते. ती जड असते, आणि चालू असताना हिसका बसला की संपली. दुसरी एसएसडी. तिच्यात काही फिरत नाही, हातातून पडली तरी बहुतेक वेळा टिकते. तुम्ही हीच घ्या. एक टीबीची पुष्कळ झाली, अक्काआजी आणखी शंभर वर्षं गायली तरी भरायची नाही. आपल्या कॉम्प्युटरचं भोक जुनं चपटं आहे, त्यात बसेल अशी वायर मागून घ्या. मग गाणी तिच्यात कॉपी करा, की झालं.

अक्काआजीला नमस्कार सांगा. माझ्यावर रागवायचा हक्क तुमचा, मायाही तितकीच असू द्या.

तुमची,
शिवरंजनी


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कळंब, २३ जानेवारी २०२४

चि. शिवरंजनी हिस अनेक आशीर्वाद.
मोहीम फत्ते! धाराशिवला कॉम्प्युटरवाल्या कुलदीपच्या दुकानात जाऊन आलो. त्यानं दोन्ही डब्या पुढं ठेवल्या. तुझी ती एसएसडी हातात घेतली आणि हसूच आलं. पोचट शेंगेसारखी! मग शेजारच्या किराणा दुकानातून तराजू मागवला आणि दोन्ही तोलून पाहिल्या. अगं, भरदार दाणा जड असतो, पोकळ माल हलका, हे कळंबच्या बाजारात कुणालाही विचार. कुलदीप सारखा म्हणत होता की ताईंनी सांगितलीय तीच घ्या. मी त्याला म्हटलं, तू ताईंचं ऐक, मी वजनाचं ऐकतो. जड घेतली. लावली की आतून घुरघुर येते, म्हणजे आत कुणीतरी जागं आहे असा दिलासा वाटतो.

माल गोदामात पोचला की दुकान झाडून घ्यायचं, हा आमचा नियम. त्याप्रमाणं गाणी डबीत गेल्याबरोबर कॉम्प्युटरमधली पुसून टाकली, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मोकळ्या जागेत शेजारच्या शिवप्पाकडून प्रवचनं आणून काठोकाठ भरलीत. अक्काचे दात निघाले. ती बरी आहे, फक्त भाकरीवर चिडते.

म्हाताऱ्याला शाबासकी देणारं पत्र येऊ दे.

तुझा,
अण्णाराव


पुणे, ६ फेब्रुवारी २०२४

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि. तुमचं ते पत्र वाचून मी कपाळावर हात मारला आणि लगेच फोन लावला. पण तोवर घुरघुर मंदावली म्हणून तुम्ही चालू डबी उचलून शेंगेसारखी कानाशी हलवून बघितली होती, आणि ती टकटक करू लागली होती. तुम्ही पाठवलेली डबी मी इथल्या जाणकारांकडे नेली. त्यांनी ती उघडून दाखवली. चकतीवर ओरखडे पडलेत, काही मिळणार नाही असं ते म्हणाले. पुसलेल्या जागेवर प्रवचनं जाऊन बसलीत, त्यामुळं कॉम्प्युटरमधूनही आशा नाही.

आजोबा, एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवली तर ती जपली जाते. तुम्ही एका ठिकाणची दुसरीकडे हलवली. हे सांगितल्यावर तुम्ही फोन आजीच्या हातात दिलात, त्याचं मला फार वाईट वाटतंय. मी रागावलेली नाही. एसएसडी पाठवते आहे, हलकी लागते म्हणून परत धाडू नका.

जेवत जा. तुम्ही हसलात की मला पुण्यात कळतं.

तुमची,
शिवरंजनी


तेर, १५ फेब्रुवारी २०२४

(लिहिणार सून शिवानी. सासूबाई बोलतील तसंच लिहायचा हुकूम आहे.)

चि. अण्णारावास लक्ष्मम्माचा आशीर्वाद.
तुझ्या बायकूनं कळवलं, तू जेवत न्हाईस. एका डबीपायी? अरं, डबी मेली, म्या जित्ती हाय न्हवं? डाक्टरनं माझं दात काढलंत, डोस्कं न्हाय काढलं. समदी गाणी जागच्या जागी हायत. तू म्हनं सांगत फिरतूस, बोळक्या तोंडानं अक्का काय गाणार. कधी ऐकलंस व्हय? आधी ऐक, मग रडायचं तर रड. कवळी अजून आली न्हाय, तवर रिकामीच हाय म्या. ढोकीवरनं एसटी धर अन् ये. पोरीनं धाडलेली नवी डबी बी आण, पर तिला कानाला लावू नगंस.

भाऊ म्हणून लई जीव हाय तुझ्यावर, तवाच शिव्या देती.

अक्का


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

तेर, २६ फेब्रुवारी २०२४

चि. शिवरंजनी हिस अनेक आशीर्वाद.
डबी मिळाली. काडेपेटीच ती, पण मी काही बोललो नाही.

तेरला आलो तो नुसता अक्काचं मन राखायला. ती ओट्यावर बसली आणि तिनं पाळणा धरला. पहिल्याच ओळीला माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तो अक्काचा आवाज नव्हता. तो आमच्या आईचा, अव्वाचा होता. मी शेंडेफळ, आणि अव्वाचे दात फार लवकर गेलेले. मला आठवते ती बोळकीच. तिचे शब्द असेच मऊ यायचे, ओळीच्या शेवटी असाच वारा निघून जायचा. तिला जाऊन पन्नास वर्षं झाली, घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही. या वयात मी चारचौघांसमोर ढसाढसा रडलो. अक्का विचारू लागली की याला आता काय झालं. सांगितलं तेव्हा तोच पाळणा तिनं पहिल्यापासून म्हटला. दिवाळीत भरलेली गाणी गेली याचं आता काडीचं दुःख नाही.

निम्मी भरून झालीत. शिवानीच्या कॉम्प्युटरवर आहेत, तुझ्या डबीतही आहेत, आणि तिनं तुलाही पाठवलीत. काही पुसलेलं नाही, दुकान झाडलेलं नाही.

एकच अडचण आहे. कवळी तयार झाल्याचा निरोप दवाखान्यातून आलाय. अक्का भाकरीसाठी आसुसलीय, आणि उरलेली गाणी याच आवाजात भरून होईपर्यंत मी रोज तिच्या पाया पडून तिला शिऱ्यावर ठेवतोय. काल दवाखान्याचा पुन्हा फोन आला, तो मीच घेतला आणि सांगितलं की पेशंट अक्कलकोटला गेलीय, कधी येईल सांगता येत नाही. तुझं दर्शन घडेपर्यंत पत्रावर भागवतो.

तुझा,
अण्णाराव