सदर गाण्याशी माझा संबंध नाही

४ मार्च, सकाळी साडेदहा
दिग्दर्शकाचा फोन. नवी मालिका येतेय, टायटल साँगबद्दल बोलायचंय. बोलणारच. बावीस वर्षं मालिकांची टायटल्स करतोय, दुसरं आहे कोण. संकल्प : या वेळी लगेच हो म्हणायचं नाही. दोन दिवस झुलवायचं.

दुपारी सव्वादोन
फोन करून हो म्हटलं. बिचारा अडला असेल.

७ मार्च
चॅनेलच्या ऑफिसात मीटिंग. काचेची खोली, सहा खुर्च्या, सात माणसं. मी उभा. चॅनेलच्या बाई म्हणाल्या, नवी चाल नकोच, जुनं गाजलेलं गाणं टायटलला घेऊ. लोकांच्या कानात बसलेलं असतं, ऐकलं की माणूस हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येतो. मी म्हटलं, मग मालिकाही जुनीच दाखवा. कुणी हसलं नाही. विनोद समजायला डोकं लागतं.
मग गाणं कोणतं ते सांगितलं. नेमकं तेच. माझ्या जुन्या जोडीदाराचं. मला बोलावलं कशाला, तर ते कापून चाळीस सेकंदांत बसवायला. मी तिथल्या तिथे निघालो. दार ढकलायचं नसून ओढायचं होतं, त्यामुळे जरा वेळ गेला.

८ मार्च
इथे लिहून ठेवतो. त्या गाण्याचा मुखडा माझा आहे. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं जोडीनं संगीत द्यायचो. मुखडा मी केला, अंतरा त्यानं. रेकॉर्डिंग झाल्यावर मी म्हटलं, चाल उथळ आहे, कॅसेटवर माझं नाव घालू नकोस. तो दोन दिवस विनवत होता. मी तत्त्वाचा माणूस.
पुढे ते गाणं बसमध्ये, सलूनमध्ये, शाळांच्या गॅदरिंगला वाजलं. माझा अंदाज चुकला नव्हता, लोकांची अभिरुची चुकली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. म्हणजे तो दर वर्षी फोन करायचा. मी उचलायचो नाही.

११ मार्च
नवी चाल तयार. ऐकल्यावर चॅनेल त्या गाण्याचं नावसुद्धा काढणार नाही. बायकोला ऐकवली. डोळे मिटून ऐकली तिनं. म्हणाली, छान आहे हो, मालिकेत कोण वारतं पहिल्याच भागात?
हिला मुळात संगीताचा कान नाही.

१४ मार्च
चाल पाठवून तीन दिवस झाले, उत्तर नाही. आता गप्प बसणार नाही. चॅनेलला पत्र टाकलं, खाली सही ठोकली. 'सदर गाण्याशी माझा कोणत्याही प्रकारे संबंध नाही, कधीही नव्हता. हे पाप माझ्या माथी मारू नये.' हादरतील.
दुपारी गाढ झोप लागली.

१७ मार्च
दिग्दर्शकाचा फोन. आवाजात नुसती साखर. म्हणाला, सर, तुम्ही वाचवलंत. जोडीदारानं अट घातली होती म्हणे : पडद्यावर संगीतकार म्हणून आम्हा दोघांची नावं येणार असतील तरच तो गाणं देणार, आणि त्याच्या आधी माझं नाव. वकील म्हणत होते, कागदोपत्री माझं नाव कुठेच नाही, कसं टाकायचं? आठवडाभर घोळ चालला होता. तेवढ्यात माझं पत्र पोचलं. त्यांनी ते त्याला दाखवलं.
काही बोलला का तो, मी विचारलं.
नाही सर. पत्र दोनदा वाचलं आणि सहीला पेन मागितलं.

दुपारी चार
पत्र मागे घेणार. दिग्दर्शकाला पाच फोन केले. मीटिंगमध्ये आहे.

१९ मार्च
जोडीदाराच्या घरापर्यंत गेलो. दारावर त्याच्या नावाची पाटी, आत पेटी वाजत होती. बेल दाबणार होतो. पण मला असं अचानक समोर बघून तो ओशाळला असता. त्याचा विचार करून परत आलो.

२ एप्रिल
मालिकेचा पहिला भाग. बघायचा नाही असं ठरलं होतं, पण सासूबाई राहायला आल्यात, त्यांच्यासाठी टीव्ही लावावा लागला. कापाकापी दुसऱ्याच कुणी केलेली. अंतरा पूर्ण उडवलाय. चाळीस सेकंद नुसता मुखडा.
सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेनं म्हणाल्या, जावईबापू, इतकी वर्षं संगीतात आहात, असं एखादं गाणं तुम्हाला का नाही हो सुचलं कधी?
बायको माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, पंखा वाढवू का?