खालच्या फळीवरच्या बावीस बाटल्या

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या बावीसही बाटल्या सुखरूप पोहोचल्या. दुकानाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ज्या धूळ खात पडतात त्याच सगळ्या, हे खोकं उघडताक्षणी कळलं. पण तू म्हणालीस स्वस्तातलं चांगलं शोध, तर शोधलं. एकोणीस वर्षं चहा चाखून पोट भरणाऱ्या भावाचा तेवढा उपयोग तुला व्हायलाच हवा.

रविवारी आमच्या कंपनीच्या चाखायच्या खोलीत बसलो. सगळ्या बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं, नंबर घातले, आणि चहाचे कप मांडतो तसे छोटे ग्लास एका रांगेत मांडले. लेबलावरचा घोडा, किल्ला, राजकन्या यांचा माझ्या जिभेवर काही परिणाम होऊ नये म्हणून ही खबरदारी. निकाल असा की सात नंबरची लाल वाइन डोळे मिटून घे. पिकलेल्या फळांचा वास, तोंडात मऊ, गोडसर. या किमतीत अशी मिळणं नवलच. बिअरमध्ये नऊ नंबर, भाजलेल्या धान्याची भारदस्त चव. चार नंबरची बिअर पाणचट. पंधरा नंबरची पांढरी वाइन आंबट आणि किरटी, तिला मी दहापैकी तीन गुण दिले तेही दया म्हणून. रम म्हणजे जळक्या साखरेचं पाणी आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

हॉटेलात दारू ठेवायची, ती चालली की त्या कमाईतून आईजवळ दिवसभर एक बाई ठेवायची, हा तुझा बेत कळला. हॉटेल चालो. पण बाईचं काही मला पटत नाही. गेल्या खेपेला मी दोन दिवस होतो तर आईने मला माझ्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. ती ठणठणीत आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस, ही तुझी लहानपणापासूनची सवय.

भाऊजींना नमस्कार, आईला साष्टांग. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा धाकटा


ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहायची आज अजिबात इच्छा नाही, पण पत्राला सुरुवात लागते म्हणून अ. आ.

तुझ्या सात नंबरची चाळीस खोकी आणि नऊ नंबरची वीस घेतली. परत घ्यायची नाहीत या अटीवर व्यापाऱ्याने भाव पाडून दिला, आणि माझा भाऊ चाखणारा आहे म्हणून मी ती अट ताठ मानेने कबूल केली. आता ती साठ खोकी आईच्या खोलीत आहेत, कारण दुसरीकडे जागाच नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत जायला आईला आडवं होऊन सरकावं लागतं.

कोणी पीत नाही. अगदीच पीत नाहीत असंही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. समोरचा न्हावी रोज संध्याकाळी येतो. तुझी सात नंबर त्याने मागवली, पहिल्या घोटाला वाहवा म्हणाला. अर्धा ग्लास होईपर्यंत त्याच्या कपाळावर आठ्या, आणि मग तोंडात कोणी गोंद ओतल्यासारखं वाटतंय असं म्हणून त्याने ग्लास सरकवून दिला. टेलिफोनच्या कचेरीतले कारकून, गॅरेजवाले, निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचं तेच. दुसरा ग्लास आजवर एकानेही मागितलेला नाही. तुझ्या भारदस्त बिअरने तर एका ग्लासात पोट टम्म होतं. मग जेवण कोण मागवणार? ह्यांचे तळलेले मासे परातीत गार होतात आणि हे माझ्याकडे बघत नाहीत. माझ्यावर चिडले नाहीत, म्हणून तर जास्त लागतं. रोज आठ टेबलांवरचे अर्धे ग्लास मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतते.

दारूत काही हाती लागत नाही म्हणून आईसाठी बाई नाही. बाई नाही म्हणून परवा मंगळवारी मी काउंटरवर असताना आई मागच्या जिन्याने उतरली आणि घरातल्या सपाता घालून चालत सुटली. न्हाव्याने तिला बस डेपोपाशी पाहिलं आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून तिला हाताला धरून आणलं. ती घरी जायचं म्हणत होती. घरातच तर राहते ती.

मला एकच सांग. व्यापाऱ्याने तुझ्या हातावर काय ठेवलं, की तू माझ्या गळ्यात हे बांधलंस? बहिणीशी असं करताना तुझी ती नावाजलेली जीभ कशी अडखळली नाही?

आई ठणठणीत आहे असं पुन्हा लिहिलंस तर पत्र न फोडता परत करीन. लोभाबिभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई


ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि तोही दात खाऊन.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्यापाऱ्याने मला काय दिलं म्हणून विचारतेस? त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. मोठे मोठे मळेवाले माझ्यासमोर हात जोडून उभे राहतात, त्यांच्या चहाला मी चार शब्द कमी बोललो तर त्यांचं वर्ष बुडतं, आणि त्यांच्याकडून आजवर एक पुडी फुकट घेतली नाही. आणि सख्खी बहीण मला लाचखाऊ ठरवते.

मी कसं काम केलं ते ऐक, म्हणजे पुन्हा असं लिहायला तुझा हात धजावणार नाही. सकाळी आठला रिकाम्या पोटी बसलो. दोन दिवस आधीपासून कांदा नाही, मिरची नाही, साबणाचाही वास नको म्हणून हात नुसत्या पाण्याने धुतले. प्रत्येक ग्लासातला एक चमचा घोट, तो सुर्रकन हवेसकट ओढून टाळूपर्यंत न्यायचा, जिभेवर चार सेकंद घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. मग कोमट पाण्याने चूळ. प्रत्येक बाटलीला तीन फेऱ्या. सहासष्ट वेळा हे केलं आणि एक थेंब पोटात जाऊ दिला नाही. जन्मात कधी जाऊ दिलेला नाही, चहाचाही नाही, दारूचाही नाही. गिळणाऱ्याची जीभ दुपारपर्यंत मरते, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. याहून प्रामाणिकपणा कुठे असतो ते तूच सांग.

गिऱ्हाइकांना चव कळत नसेल तर तो माझा दोष नाही. आणि आई त्या दिवशी जरा फिरायला गेली असेल. म्हातारी माणसं फिरतात.

रागात लिहिलं आहे, पण खोटं नाही. माया कमी करायची असेल तर कर.

धाकटा


ता. ३१ मार्च

धाकट्या,

आज नुसतंच धाकट्या.

तुझं पत्र मी काउंटरवर उभं राहून ह्यांना वाचून दाखवलं. बादलीपर्यंत आले आणि हे हसायला लागले. हसून हसून पिठाच्या पोत्यावर बसले. मी हसले नाही.

अरे, माझ्या टेबलांखाली बादल्या नाहीत! माणसं गिळतात रे. कारकून संध्याकाळी पाच वाजता येतो तो चार सेकंदांसाठी येत नाही. तो तासभर बसतो, मासे खातो, साहेबाला शिव्या घालतो आणि एकेक घोट करत ग्लास तळापर्यंत नेतो. चमचाभर गोड कोणालाही आवडेल. ग्लासभर गोड पिऊन बघितलंस? बघितलंस कुठून, तुला ग्लास संपवायचा असतो हेच ठाऊक नाही. आणि हे तू मला अभिमानाने लिहून पाठवतोस! लाच खाल्ली असतीस तर परवडलं असतं. लाच घेणाऱ्याने निदान माल पिऊन पाहिला असता.

आता मूळ गोष्ट लिहिते, कारण रागात आहे तोवरच लिहून होईल. तू आईलाही असाच चाखतोस. वर्षातून दोनदा येतोस, दोन दिवस राहतोस, आणि झकास म्हणून गुण देऊन निघून जातोस. तू येणार म्हटल्यावर आई चार दिवस आधीपासून स्वतःला गोळा करते. दोन दिवस ती तुझ्यापुढे उभी राहते, नकला करते, सगळं आठवतं तिला. तू बसमध्ये बसलास की ती मोडते. तिसऱ्या दिवशीची आई, ती माझ्याकडे आहे त्या अकरा वर्षांत, तू एकदाही पाहिलेली नाहीस. ती मी पाहते. रात्रंदिवस मी आणि हे. आणि वर तू मला लिहितोस की मी उगाच घोर लावून घेते.

ये. बॅग मोठी आण. त्या बावीसही बाटल्या मी परत मागवते, आणि एकेक ग्लास तू माझ्या टेबलावर बसून, जेवणाबरोबर, तळापर्यंत प्यायचास. बादली मिळणार नाही. आणि तिसरा दिवस उजाडेपर्यंत तू या घरातून हलायचं नाहीस. हे जमणार नसेल तर मला भाऊ नाही असं मी धरून चालेन, आणि ते मला फार जड जाणार नाही.

ताई


ता. २३ एप्रिल, आईच्या खोलीत, सात नंबरच्या खोक्यावर बसून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका घरात राहून पत्र लिहायची पाळी तू आणलीस. गेले अकरा दिवस तू मला वाढतेस, माझे कपडे धुतेस आणि चकार शब्द बोलत नाहीस. म्हणून हे काउंटरवर ठेवतो आहे. गिऱ्हाइकांसमोर वाचू नकोस.

आधी बाटल्या. तुझं खरं आहे. सात नंबरचा ग्लास अर्ध्यावर आला तेव्हा दात एकमेकांना चिकटले. नऊ नंबरची बिअर संपवली आणि मासे पुढ्यात असून खाववेनात. माझे गुण घेऊन कोणी बाजारात गेला तर देशोधडीला लागेल. उलट ती किरटी पंधरा नंबर मी थंड करून तळलेल्या माशांबरोबर घेतली. तिच्या आंबटपणाने तेल कापलं जातं आणि दर घोटाला मासा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. ग्लास कधी संपला कळलं नाही, मी दुसरा मागितला. तुझ्या हॉटेलात दुसरा ग्लास मागणारा पहिला माणूस मीच. पाणचट चार नंबरही तशीच, दोन ग्लास जाऊन भूक शाबूत. रमबद्दल मात्र माझं मत कायम आहे. तिसऱ्या ग्लासाला मी मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडून रडलो असं भाऊजी म्हणतात, ते त्या रमचंच काम. सात नंबर फेकू नकोस. उंच ग्लासात बर्फ, वर सोडा आणि लिंबाची फोड घाल. न्हाव्याला दिली, त्याने दोन घेतल्या.

आता आई. पहिले दोन दिवस ती तू लिहिलंस तशीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली, आणि ती शेजारी खुर्चीवर नीटनेटकी बसलेली. मला अहो-जाहो करून विचारलं, बस किती वाजता आहे? मी म्हणालो, मी जाणार नाही. तर तिने विचारलं, तुम्ही दारूच्या परवान्याचे साहेब ना? मग म्हणाली, माझा मुलगाही चहाच्या कंपनीत मोठा आहे, येतो, पण फार थांबत नाही, त्याला कामं असतात. परक्यापुढे लेकराची बाजू घेतात तशी माझी बाजू घेतली गं तिने. माझ्याचपुढे.

मला स्वतःचा इतका संताप आला की सात नंबरचं एक खोकं लाथेने फोडलं. सहा बाटल्या फुटल्या, त्या माझ्या नावावर घाल. नंतर काचा वेचताना ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि मला हात जपायला सांगत राहिली.

कंपनीला कळवलं आहे की माझी जीभ आजारी आहे, मे अखेरपर्यंत येऊ शकत नाही. एकोणीस वर्षांतली माझी पहिली लांब रजा. तू बोललीस तर बरं होईल. नाही बोललीस तरी मी इथेच आहे.

अजून तुझाच,
धाकटा


ता. ९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. या वेळी मनापासून, पण राग गेला असं समजू नकोस.

तू पोहोचल्याचं कळलं. आंबट पंधरा नंबरची दुसरी खेप आली, तीही निम्मी उठली. न्हावी तिला तुझ्या नावाने मागतो, म्हणजे एक धाकटा द्या म्हणतो. आईच्या खोलीत आता सरळ चालत खिडकीपर्यंत जाता येतं. बाई सोमवारपासून येते. आईला ती आवडली नाही, पण आईला मीही आवडत नाही, तेव्हा काळजी नाही.

तू लिहिलंस की दिवाणखान्यात झोपायला मिळालं तर पावसाळा संपल्यावर आठवडाभर येतोस. आठवडा नको. पंधरा दिवस ये, नाहीतर येऊ नकोस. बॅग मी जिन्याखाली कुलपात ठेवणार आहे, म्हणजे आईला ती भरता येणार नाही आणि तुलाही नाही.

एक सांगायचं होतं, ते लिहू की नको असं चार दिवस चाललंय. तू गेल्यावर आईने रोज विचारलं, ते परवान्याचे साहेब कुठे गेले? चांगला माणूस होता म्हणाली. काचा वेचायला बसला, घाई नव्हती त्याला, माझ्या मुलासारखी. मुलाला हे सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल, असंही तिने मला बजावलं. तो तूच होतास हे तुझं तू येऊन सांग, आणि ती विसरली की दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग, आणि तिसऱ्या दिवशीही.

लोभ आहेच. तो तळापर्यंत प्यायला ये.

तुझी
ताई