सत्यशीलासाठी उभा केलेला दगड

७ नोव्हेंबर १९८३
पोचलो एकदाचा! आलापल्लीपासून एस.टी.त कोणाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर होती. भामरागड येईस्तोवर आमची चांगली ओळख झाली. पुढं दहा मैल बैलगाडी. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून आज रुजू झालो. दवाखाना म्हणजे एक खोली, औषधांचं कपाट आणि बाहेर जनावर अडकवायचा लाकडी खोडा. डॉक्टर महिन्यातून एकदा येणार, म्हणजे लिहायला वेळच वेळ.

वरोऱ्यात सगळे म्हणाले, देवाजी, ही तर शिक्षेची बदली. मी ती मागून घेतली हे कोणाला सांगितलं नाही. मार्चमध्ये सत्यशीला काविळीनं गेली. मी त्या दिवशी नागपूरला, प्रकाशकाच्या ओट्यावर हस्तलिखित घेऊन बसलो होतो. तिच्या विझलेल्या चुलीसमोर मला जेवण जाईना.

टेबलावर बुद्धाची तसबीर लावली, खाली तिचा फोटो ठेवला. डाव्या मनगटावर तव्याचा डाग स्पष्ट दिसतो. फोटोवाल्यानं हात झाकायला सांगितला होता. तिनं मुद्दाम वर धरला.

१५ नोव्हेंबर
कादंबरी सुरू केली. वाचनालयात फाटेस्तोवर फिरतात तसल्या भुताखेतांच्या कादंबऱ्या मी लिहितो, 'देवदत्त इनामदार' या नावानं. खरं नाव छापलं तर खपणार नाही, असं प्रकाशकाचं मत होतं आणि मी मान डोलावली होती. सत्यशीला पोट धरून हसली होती. "बुद्धाच्या जिवावर उठलेला देवदत्तच भेटला काऊन तुमाले नाव घ्याले?" तरी माझी प्रत्येक कादंबरी तिनंच सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. एवढंच म्हणायची, एकदा आपल्या घरचं लिवा. मी दर वेळी वचन द्यायचो, पुढची तुझी.

ही तिचीच. मेलेली बायको नवऱ्याकडे परत येते. वचन पाळायला उशीर झाला, पण पाळतो आहे.

२ डिसेंबर
प्रकाशकाचं कार्ड आलं. नायिका चांगल्या घराण्यातली हवी, नाव जरा काव्यमय हवं.

बदललं. सत्यशीलाची मृणालिनी केली. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या ठमाबाईंची लेक होती, तिला वाड्यात जन्माला घातलं. केस गुडघ्यापर्यंत आणले, डाग पुसला. लाज वाटली, पण वाईट याचं की वाचायला छान वाटलं.

२० डिसेंबर
गावातल्या कोलूच्या बैलाचा खूर सडला होता, तो बरा झाला. त्या आनंदात म्हातारा मला गावाबाहेरचे दगड दाखवायला घेऊन गेला. माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. समाधान पावलेल्याचा दगड वाढतो म्हणे. बायको गेली आणि दगड नाही, हे ऐकून तो माझ्यावरच चिडला. तुझ्यासाठी गाव दगड उचलेल म्हणाला. एकच अट: दगड उभा करताना ती कोण, कोणाची, कशी होती ते सगळ्यांसमोर सांगायचं. "खोटं नोको सांगू. सांगशील तेच येऊन बसते."

छप्पन साली माझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले, आणि मी इथं दगड मांडणार! भुतांवर पोट भरतो, विश्वास कधी ठेवला नाही. पण मी हो म्हणालो. तिच्यासाठी कोणीतरी काही करतंय, याचंच रडू आलं.

८ जानेवारी १९८४
बारा जणांनी दगड वाहून आणला. कोलूच्या बायकोनं, मंगलीनं, बुडाशी तांदूळ ठेवले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

तिच्याबद्दल एक शब्द फुटेना. पिशवीत कादंबरी होती. तिच्यावर मी लिहिलेलं सगळ्यात सुंदर पान तेच होतं, ते वाचलं. वाडा, केस, मृणालिनी, सगळं. मंगलीनं बायकोच्या आईचं नाव विचारलं. पानावरचंच सांगून टाकलं.

परतताना कोलू माझ्यासाठी न थांबता पुढं निघून गेला.

१२ जानेवारी
भर दुपारी, खोड्याला टेकून, ती उभी होती. सत्यशीलाचाच चेहरा. मी तिच्या पायाशी बसून रडलो. ती केसांवरून हात फिरवत राहिली.

केस गुडघ्यापर्यंत होते. मनगट स्वच्छ होतं. दिसलं, तरी उठलो नाही. दहा महिन्यांनी कोणी जवळ घेतलं होतं.

१९ जानेवारी
रोज दुपारी येते. मी लिहिलीत तीच वाक्यं बोलते. मला 'प्राणनाथ' म्हणते. सत्यशीला हे ऐकून हसून गडाबडा लोळली असती.

आज ठमाबाईंचा विषय काढला. कोण ठमाबाई, असं विचारलं तिनं. मग टेबलावरचा फोटो उचलून निरखला. ही बाई कोण, म्हणाली.

२३ जानेवारी
फोटोतल्या मनगटावर डाग नाही.

कोलूकडे धावलो. दगड चार बोटं वाढलाय म्हणाला. उपटून टाकू का, विचारलं. "बसलेल्याले उठवता येत नाई. तुझीवाली बाहेर राह्यली, भाऊ. तिले विसरू नोको, तेवढंच हाय तुझ्या हातात."

२६ जानेवारी
कादंबरी जाळली. शेवटच्या पानापर्यंत जाळली—
दुपारी ती आली. राखेशेजारी बसून पहिलं पान तोंडपाठ म्हणू लागली. गोड आवाजात.

२८ जानेवारी
दगडासमोर जाऊन खरं सांगायचा प्रयत्न केला. ती कशी हसायची— भाकरी थापताना काय गुणगुणायची— तोंडात येतो तो वाडाच.
मी केलं हे. मीच तिला खोडलं, स्वतःच्या हातानं, आणि छान म्हटलं.

३० जानेवारी
ही वही चाळली. १५ नोव्हेंबरला कोणीतरी कोणाला हसलंय. अक्षर माझं आहे. एका शब्दावर मात्र नजर ठरत नाही, घसरून पुढं जाते. प्रत्येक पानावर तोच शब्द.

३१ जानेवारी, दुपार
ही आत बसली आहे. म्हणते, लिहू नका, प्राणनाथ.
बाहेर, रस्त्यापलीकडे, दुसरी बाई उभी आहे. साधं लुगडं, खांद्यापर्यंत केस. उन्हात कधीची उभी आहे. आत येत नाही— बोलावल्याशिवाय यायची नाही, तिचा स्वभावच तो—
डावा हात वर धरला आहे. डाग दाखवते आहे.
तीच! तीच आहे. माझी.
नावानं एक हाक मारली की येईल. वाट बघते आहे. वळू नको, थांब, मारतो हाक— ठमाबाईंची लेक, वरोऱ्याची, माझी अक्षरं उतरवणारी, माझी—
हात खाली घेतला तिनं. अगं थांब, सांगतो, ओठावरच आहे, तुझं नाव