नाही म्हटल्यानंतर

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझे भावोजी गुडघ्याला तेल चोळत टीव्हीला शिव्या देतायत, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तू विचारलंयस त्यावर येते, जरा दम धर.

आधी माझं रडगाणं ऐक. इस्पितळाच्या धुलाईघरातला माझा पैशांच्या नियोजनाचा वर्ग काल संपला. इस्त्रीच्या वाफेत घसा फोडून शिकवलं. चक्रवाढ व्याज सगळ्यांना तोंडपाठ, परीक्षेत बहुतेकांना पैकीच्या पैकी! आणि बाहेर पडले ते थेट समोरच्या दुकानात, हप्त्यांवर मोबाइल घ्यायला. वर मलाच हाक, "बाई, या ना, रंग निवडून द्या!" पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा परीक्षेत पहिला येतो. कपाळ बडवून घेऊ की काय?

एकीनं मात्र मनावर घेतलं. चादरींच्या घड्या घालणारी, इतकी अबोल की सगळे तिला 'मुकी' म्हणतात. तिचा भाऊ नव्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहा म्हणून आला. तिनं माझेच शब्द त्याला ऐकवले, "जे फेडायची माझी ऐपत नाही, त्याला मी जामीन राहणार नाही." तो भरल्या ताटावरून उठून गेला.

आज निकालाचे कागद द्यायला गेले, तर तिनं मला इस्पितळाच्या जिन्यात गाठलं. "बाई, नाही म्हणायला शिकवलंत. आता तो फोन उचलत नाही. त्यावर काय करायचं, ते कुठल्या धड्यात आहे?"

मी काय सांगणार, डोंबल? म्हटलं, "थोडे दिवस जाऊ दे." ती नुसती हसली. ते हसू बघून मला पुढची पायरी उतरवेना.

आता तुझं, पत्रासोबत आलेल्या जामिनाच्या कागदाचं. भावोजी म्हणतात, "एकुलता एक भाऊ, करून टाक सही." सकाळपासून कितीदा पेन उघडलं आणि मिटलं.

धाकट्या, मी सही करणार नाही. आधीची दोन दुकानं बुडाली, हे तिसरंही चालायचं नाही, आणि हे तुलाही आतून ठाऊक आहे. चिडशील, चीड. माझ्या नावानं खडे फोड. पण फोन उचल. रविवारी मी येतेच आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन, मग शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तू बघ.

जामीन नाही, पण तुझीच,
ताई