भिंगरी, हातोडा आणि उजव्या हाताचा ग्लोव्ह

तीर्थरूप काकांना,

वाकून नमस्कार. काकूंनाही सांगा. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे, आणि काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना टीव्हीवरची अक्षरं दिसू लागली का? (हे मला कुठून कळलं ते विचारू नका. आई आणि काकू दर गुरुवारी फोनवर बोलतात, आणि आपण बोलत नाही असं दोघींनी आपापल्या घरी सांगून ठेवलं आहे.) इकडे सगळे ठीक. म्हणजे आई ठीक, मी ठीक, आणि बाबाही ठीक आहेत असं म्हणायला हरकत नाही, पण तसं का म्हणतो ते कळायला पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल. अकरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही याची मला लाज वाटते. लिहायचं तर सुरुवात कुठून करायची हेच कळत नव्हतं. आत्ताही कळत नाही, पण आता अडलं आहे, म्हणून लिहितो.

झालं असं, की बॉक्सिंग क्लबात काचेचं नवं कपाट आलं. त्यात एका बाजूला तुमच्या लाडक्या बॉक्सरचे, म्हणजे हातोड्याचे जुने ग्लोव्ह, दुसऱ्या बाजूला बाबांच्या लाडक्या भिंगरीचे, आणि मधे आपल्या कारखान्याने या प्रसंगासाठी मुद्दाम शिवलेली एक कोरी जोडी, असा बेत आहे. खाली पाटी. पाटीवर शंभर शब्दांत दोघा चॅम्पियनांच्या कारकिर्दीची तुलना करून थोर कोण ते लिहायचं, आणि ते मी लिहायचं. मीच का? तर क्लबच्या सेक्रेटरींना आपल्या मालाबरोबर जाणाऱ्या चिठ्ठ्यांमधलं माझं अक्षर आवडतं. अक्षर चांगलं म्हणजे मतही चांगलं असणार, असा त्यांचा समज झाला आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी त्यात बिस्किट घातलं (खरोखरच, ते पाहुण्यांना हाताने भरवतात), आणि ते चावून होईपर्यंत माझा होकार वहीत लिहिला गेला होता.

मी शहाणपणा करून आधी तक्ता केला. भिंगरी बावन्न लढती खेळला, चव्वेचाळीस जिंकला. हातोडा एकतीस खेळला, अठ्ठावीस जिंकला. शेकड्यात काढलं तर हातोडा पुढे, नुसतं मोजलं तर भिंगरी पुढे. भिंगरी चार वर्षं चॅम्पियन, हातोडा दोनच. पण त्या चारांतल्या एका वर्षी हातोड्याचा अंगठा मोडला होता, आणि हातोड्याच्या दोनांतल्या एका वर्षी भिंगरीला कावीळ झाली होती. मग म्हटलं, दोघे कोणाकोणाकडून हरले ते पाहू. हातोड्याला एका सुताराने हरवलं होतं. त्या सुताराला भिंगरीने दोनदा लोळवलं, म्हणजे भिंगरी थोर. पण भिंगरीला एका पोस्टमनने हरवलं होतं, आणि तो पोस्टमन या सुताराकडूनही कधी हरला नव्हता. हा हिशेब नीट पुढे नेला तर जगात सर्वांत थोर तो पोस्टमन ठरतो. त्याने आयुष्यात तीन लढती केल्या, तिन्ही जिंकल्या आणि टपाल वाटायला उशीर होतो म्हणून खेळ सोडला. मी हे सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, पोस्टमनचे ग्लोव्ह आपल्याकडे नाहीत, तेव्हा त्याला वगळा.

खेळ सोडताना मागे काय ठेवलं ते पाहावं, तर तिथेही गुंता. भिंगरीने दोनशे मुलं शिकवली, त्यातल्या एकानेही काही जिंकलं नाही. हातोड्याने एकच शिकवला आणि तो देशाचा चॅम्पियन झाला. पण तो आधी पाच वर्षं भिंगरीकडेच होता. दोरीवरच्या उड्या मारायला कंटाळा करतो म्हणून भिंगरीने त्याला हाकललं, तेव्हा तो हातोड्याकडे गेला. आता तो वारसा कोणाचा? ज्याने पाच वर्षं शिकवलं त्याचा, की ज्याने उड्या माफ केल्या त्याचा? मला विचाराल तर मला काहीही वाटत नाही, आणि पाटीवर ‘काहीही वाटत नाही’ असं लिहिता येत नाही.

राहिल्या त्या दोघांच्या आपसातल्या तीन लढती. पहिली भिंगरीची, दुसरी हातोड्याची, तिसरी बरोबरीत. तिसरीचं मी तुम्हाला काय सांगणार? शेवटच्या फेरीत हातोड्याचा उजवा ठोसा भिंगरीच्या जबड्यावर बसला की कानाजवळून वाऱ्यावर गेला, यावर तुम्ही आणि बाबा कारखान्यात वीस वर्षं रोज भांडलात. बसला, असं तुम्ही म्हणायचात. गेला, असं बाबा. त्या दोघांचेही ग्लोव्ह आपल्याकडचेच. बाबा डावा ग्लोव्ह शिवायचे, तुम्ही उजवा, मधे मेणाचा डबा, आणि तोंड चालू. (मी लहानपणी समजायचो की ग्लोव्ह असेच शिवतात, भांडल्याशिवाय टाका बसत नाही.) मग अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी बाबा तुम्हाला खोटारडा म्हणाले, आणि तुम्ही आरी खाली ठेवून चपला घातल्यात. त्यानंतर उजवे ग्लोव्ह मी शिवतो. गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत. बाबा करतात.

तर मी सरळ त्या दोघांनाच विचारायला गेलो. भिंगरीच्या घरी आधी गेलो. ज्याच्या पायांना रिंगमध्ये जमीन लागत नसे, तो आता खिडकीशी खुर्चीत बसलेला असतो. मला पाहून त्याला फार आनंद झाला. म्हणाला, बरं झालं आलास, पंखा आठ दिवस बंद आहे. मी तो ठोसा, ती फेरी, सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्टूल कुठे आहे ते दाखवलं. पंखा मी दुरुस्त केला (वायर सुटली होती). ठोशाचं राहून गेलं.

हातोड्याचं डोकं शाबूत आहे, पण बोटं आखडली आहेत. शर्टाची बटणं त्याची सून लावते. त्याला विचारलं, तो ठोसा बसला होता का? तो म्हणाला, बसला असावा, हात दुखला होता. पण त्या दिवशी माझं सगळंच दुखत होतं. मग स्वतःहून म्हणाला, उजव्याचं काय घेऊन बसलास, उजवा कोणीही मारतो, मला वाचवलं ते डाव्याने. तोंडासमोर तुझ्या बापाने शिवलेला डावा नसता तर आज मी तुझ्याशी बोलायला नसतो. मला वाटलं, चला, एवढं तरी बाबांना सांगण्यासारखं मिळालं. तुमच्या हातोड्यानेच बाबांच्या टाक्याला दाद दिली, यापेक्षा त्यांना आणखी काय हवं? धावत घरी आलो आणि सांगितलं.

काका, बाबा असे भडकले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याची एवढी हिंमत, म्हणाले, उजवा कोणीही मारतो म्हणतो? माझ्या भावाने शिवलेला उजवा होता तो! ‘माझा भाऊ’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून अकरा वर्षांनी ऐकले. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण नंतर ते बराच वेळ दोऱ्याला मेण लावत बसले आणि त्या दोऱ्याने काहीच शिवलं नाही.

आणि खरा गोंधळ इथून सुरू होतो. मी पहिला मजकूर लिहिला तो भिंगरीच्या बाजूने. घरात राहायचं आहे, म्हणून. बाबांनी तो ऐकला आणि विचारलं, हातोड्याच्या अठ्ठावीस विजयांपैकी चोवीस पहिल्या तीन फेऱ्यांत होते, ते कुठे गेलं? मग त्यांनी अर्धा तास हातोड्याची बाजू मांडली. तुमच्याच शब्दांत, तसंच टेबलावर दोन बोटं आपटत, मधेच तुमच्यासारखं ‘आता बोल’ म्हणत. मी घाबरून रातोरात मत बदललं आणि हातोड्याच्या बाजूने दुसरा मजकूर लिहिला. तो ऐकून ते भिंगरीच्या बाजूने तुटून पडले. तिसऱ्यात दोघांना सारखं लेखलं, तर म्हणाले, हा पंचांचा आजार तुला कुठून लागला? आता ते रोज सकाळी दोन्ही बाजूंनी भांडतात. आधी स्वतःच्या खुर्चीत बसून भिंगरीसाठी, मग उठून खिडकीपाशी जाऊन तुमच्यातर्फे हातोड्यासाठी. दोन्हीकडून हरतात आणि चिडतात. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की तब्येत उत्तम आहे. आईला विचारलं, तर ती म्हणाली, त्यांना भिंगरीशी काही देणंघेणं नाही, त्यांना तुझ्या काकाशिवाय करमत नाही, एवढं तुला चाळिशीतही कळू नये?

कपाटातल्या कोऱ्या जोडीचंही तेच. डावा बाबांनी तीन दिवसांत शिवला. डोळे अधू झालेत, तरी काय टाका आहे, काका! एकसारखा, जिवंत. उजवा मी आतापर्यंत चार वेळा शिवला, चारही वेळा बाबांनी उसवला. अंगठा आत झुकतो म्हणतात. मला झुकलेला दिसत नाही. तुम्ही सध्या शाळेची दप्तरं शिवता असं ऐकलं. (दप्तराला डावं-उजवं नसतं, त्याच्या हाताचं तिथे काय चीज होणार, असं बाबा परवा जेवताना म्हणाले. म्हणजे तुमची खबर तेही ठेवतात. आमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही हे मला आता अजिबात सांगता येत नाही.)

तर अशी परिस्थिती आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी कपाट उघडायचं आहे. पाटी कोरी, जोडी अर्धी आणि मी पुरता भंजाळलेला. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून सोडून द्या.

तुमचा,
पुतण्या

ता. क. : मुख्य काम राहिलंच. तुमचा उजव्या हाताचा पत्र्याचा साचा तुम्ही जाताना पिशवीत घेऊन गेलात, असं आई म्हणते. तो पार्सलने पाठवलात तर मी पाचव्यांदा प्रयत्न करीन.

ता. क. दुसरा : साचा पाठवू नका. मी बाबांना सहज विचारलं, काकांचा साचा मिळाला तर चालेल का? ते म्हणाले, साचा काय करायचाय, साच्याला हात असतात का? तेव्हा साच्याबरोबर तुम्हीच या. सकाळची बस दुपारी इथे पोचते, मी स्टँडवर उभा राहीन. पाटीवर थोर कोण लिहायचं ते तुम्ही दोघे ठरवा. नाही ठरलं तरी चालेल, मी पोस्टमनचं नाव लिहून मोकळा होईन.

ता. क. तिसरा : पाकीट टेबलावर ठेवून जेवायला गेलो होतो. परत आलो तर पाकीट उघडं आणि पत्रातले तक्त्याचे आकडे पेन्सिलने दुरुस्त केलेले. खाली बाबांनी लिहिलंय. मी ते वाचलं नाही (वाचलं). तसंच पाठवतो.

‘हा मुलगा गोंधळलेला आहे, त्याचं मनावर घेऊ नकोस. भिंगरीच मोठा होता, त्यात बदल नाही. पण तिसऱ्या लढतीत शेवटच्या फेरीत हातोड्याचा उजवा बसला होता. मी पाहिला होता. तुला खोटारडा म्हणालो तेव्हाही मला तो दिसतच होता. हे मी तुला कधीही लिहून देणार नाही. इथे आलास तर तोंडाने सांगेन. चष्मा विसरू नकोस, टाके बारीक घालायचे आहेत.’